त्या दुपारची शांत रेघ

होळी आटोपली की नागपुरात घराघरांतले कूलर बाहेर निघतात. अंगणात आडवे पडलेले पत्र्याचे डबे, सुट्या करून उन्हात टेकवलेल्या जाळ्या, मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत कंपाउंडच्या बाहेर ढीग करून टाकलेलं. नवं गवत भरायचं, पंप घासायचा, पाणी सोडायचं आणि बटण दाबायचं. मग ओल्या गवताचा आणि थोडा गंजाचा असा एक वास खोलीभर पसरतो. बेसा भागातल्या आमच्या घरी हे काम अजून मीच करतो. यंदा तो वास आला आणि मी हातातला पाना खाली ठेवून स्टुलावर बसून राहिलो.

काही उन्हाळ्यांपूर्वी याच कूलरसमोर माझी मुलगी प्राची डाव्या कुशीवर पडलेली असायची. पहिलं बाळंतपण, म्हणून रीतीप्रमाणे माहेरी आलेली. तिच्या मनगटावर काळ्या पट्ट्याचं एक घड्याळ होतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत मी असायचो, हातात फोन घेऊन, तिच्या हृदयाचे ठोके बघत.

ते घड्याळ जावयाने दिलं होतं. निखिल पुण्याला नोकरीत, त्याला रजा मिळण्यासारखी नव्हती. घड्याळ चोवीस तास नाडी मोजायचं आणि तिची रेघ फोनवर काढायचं. ती रेघ निखिलच्या फोनवर जाई, आणि त्यानेच व्यवस्था करून ती माझ्याही फोनवर आणून दिली होती. जाताना म्हणाला, बाबा, तुमचं आयुष्य असल्या रेघा बघण्यात गेलं, तुमच्यापेक्षा चांगलं कोण बघणार. मी वरवर नको नको म्हटलं, पण मनातून सुखावलो.

त्याचं म्हणणं खरं होतं. मी कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होतो. आमच्या सुरुवातीच्या काळात भिंतीभर यंत्रं असायची, त्यांत कागदाची गुंडाळी हळूहळू सरकायची आणि शाईचं पेन तिच्यावर रेघ ओढत राहायचं. वाफेचा दाब, बेअरिंगचं तापमान, शहराची मागणी. कामाला लागल्यावर थोड्याच दिवसांत मला रेघेवरून शहर दिसायला लागलं. पहाटे मागणीची दरी. मग उठलेल्या घरांचे पाण्याचे पंप, इस्त्र्या. दुपारी कूलर. संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागले की उंच टेकाड. मी शहरात फारसा हिंडलो नाही. पण शहर केव्हा जागं होतं, केव्हा जेवतं, केव्हा आडवं पडतं, हे मला ठाऊक होतं.

प्राचीची रेघही तशीच निघाली. पहाटे खोल, शांत दरी. उठली की चढ. आंघोळीनंतर थोडा उतार. जेवणानंतर एक बुटकी टेकडी. दुपारी कूलरसमोर झोप लागली की सपाट मैदान. संध्याकाळी गच्चीवर चालायला गेली की शिखर. मी वाचून काढलं होतं की गरोदरपणात रक्त वाढतं, हृदयाला दोघांसाठी काम करावं लागतं, म्हणून ही सगळी रेघच आठवड्यागणिक थोडी थोडी वर सरकते. दोन ठोक्यांमधलं अंतर एरवी कमीजास्त होत असतं, तो खेळकरपणाही या दिवसांत कमी होतो, आणि शेवटी शेवटी पुन्हा परततो. हे सगळं घड्याळ दाखवायचं. शहराला उन्हाळा लागतो तसा या मुलीला नववा महिना लागणार, असं काहीसं माझ्या मनात यायचं आणि मला त्यात गंमत वाटायची.

गंमत थोडी अतीच झाली. एकदा संध्याकाळी रेघ एकाएकी उसळली. मी आतल्या खोलीत जाऊन विचारलं, काय झालं. ती फोनवर निखिलशी भांडत होती. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती चोरून कैरी खात होती, तिखटमीठ लावून, आणि माझ्या पावलांच्या आवाजाने दचकली होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या मनगटात बसून राहिले का?" सुमन, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "बसू दे वं त्याईले. तुझ्या वेळी बसाले भेटलं नव्हतं."

हे ती हसत म्हणाली होती. पण त्यात खोटं काही नव्हतं. प्राचीचा जन्म खाप्याला झाला, सुमनच्या माहेरी. त्या दिवसांत मी कोराडीला पाळीवर होतो. बातमी कंट्रोल रूमच्या फोनवर आली. माझ्यासमोर तेव्हा बॉयलरची रेघ होती, मी एक डोळा तिच्यावर ठेवूनच बातमी ऐकली, आणि सोबतच्यांनी पेढे मागितले. सुमनला किती त्रास झाला, किती वेळ लागला, कोण जवळ होतं, हे मी नंतर विचारलं नाही. विचारायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. मुलीच्या वेळी मी फोनला चिकटून बसलो त्यात ही जुनी बाकी चुकती करण्याची इच्छा असेलही. पण बाकी सुमनची होती, आणि मी ती भलतीकडे भरत होतो.

त्या उन्हाळ्यातलं बरंच काही अजून जसंच्या तसं आठवतं. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि त्यांच्यावर टाकलेली जुनी पांढरी साडी. दुपारचे सामसूम रस्ते, तोंडाला दुपट्टा गुंडाळून एखादाच स्कूटरवाला. बेसाकडे तेव्हा चहूकडे बांधकामं चाललेली. भर उन्हात कुठेतरी सळाखी कापल्याचा आवाज येत राहायचा आणि तो थांबला की कळायचं, मजूर जेवायला बसले. माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं. संध्याकाळी अंगणात पाणी मारल्यावर फरशीतून निघणारी वाफ. प्राचीचे पाय सुजलेले असायचे. ती ते उशीवर ठेवून पडायची आणि सुमन तिला चिडवायची की चपला आता बाबाच्या घाल.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं मिळून जायचो. एका भेटीत मी डॉक्टरीणबाईंना फोनवरची रेघ दाखवली होती. त्यांनी ती सभ्यपणे पाहिली. चांगलं आहे, म्हणाल्या, पण यात रक्तदाब दिसत नाही, तो इथे येऊन मोजायचा. मग त्यांनी काही लक्षणं सांगितली, ज्यांत एकही दिसलं तरी थेट निघून यायचं. सुमन खुर्ची पुढे ओढून ऐकत होती. मी तेव्हा रेघेवरचा एक चढ बोटांनी मोठा करून बघत होतो, पुढचा प्रश्न विचारण्यासाठी.

मग नवतपा लागला. मे महिन्याच्या अखेरचे हे सर्वांत तापते दिवस नागपूरकर जीव मुठीत धरून काढतात, आणि लग्नंही नेमकी याच दिवसांत लावतात. सुमनच्या भावाच्या मुलीचं लग्न खाप्याला होतं. सुमन जायला तयार नव्हती. मीच म्हटलं, सकाळी जा, संध्याकाळपर्यंत ये, मी आहे ना. निघताना ती मला म्हणाली, पोरीजवळ बसून राहा. मी बसून राहिलो, हे मला अगदी खरं सांगता येतं. मी दिवसभर हललो नाही.

दुपारी प्राचीने हाक मारली. म्हणाली, सकाळपासून डोकं दुखतंय, आता फारच वाढलं. मी म्हटलं, ऊन आहे, पन्हं देऊ का. तिने मान हलवली. डोळे मिटले, उघडले. मग म्हणाली, "बाबा, डोळ्यापुढं कोणी चमकी उधळून राहिलं असं वाटते."

मी फोन पाहिला. रेघ शांत होती. गेल्या आठवड्याच्या मानाने थोडी खालीच होती. इतकी सुरेख सपाट दुपार त्या महिन्यात झाली नव्हती.

आता जे सांगायचं ते नीट सांगतो. कंट्रोल रूममध्ये आम्हाला पहिली सवय लागते ती ही: माणूस एक सांगतो आणि यंत्र दुसरं सांगतं, तेव्हा आधी यंत्र बरोबर लागलंय का ते बघायचं. म्हणून मी तिचा हात हातात घेतला. घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना कातडी फुगून वर आली होती, खाली लालसर खाच पडली होती. मला वाटलं, पट्टा घट्ट झालाय, मोजणीत फरक पडत असेल. मी पट्टा काढला, घड्याळाची मागची काच सदऱ्याच्या टोकाने पुसली, आणि पुढच्या भोकात घालून पट्टा पुन्हा बांधला. सैल, पण काच कातडीला टेकेल इतपत. मग फोन पाहिला. रेघ आली. आधीपेक्षाही स्वच्छ आली.

माझ्या मुलीचं सुजलेलं मनगट मी माझ्या दोन हातांत धरलं होतं, आणि मी घड्याळ दुरुस्त केलं.

"घड्याळ ठीक म्हणते का?" तिने विचारलं.

"एकदम ठीक. झोप आता," मी म्हटलं.

ती भिंतीकडे तोंड करून पडली. मी खुर्चीत बसलो, कूलरचं पाणी संपत आलं होतं म्हणून नळी लावली, आणि अधूनमधून रेघ बघत राहिलो. मला त्या दुपारी काळजी वाटली नाही. उलट बरं वाटत होतं. हे मी लपवलं तर बाकीचं लिहिण्याला अर्थ नाही.

ऊन कलल्यावर सुमन आली. अंगावर लग्नातली साडी, हातात लाडूंचा डबा. ती चपला काढून सरळ प्राचीकडे गेली, पलंगाच्या कडेला बसली आणि विचारलं, "काय होते वं तुले?" प्राचीने मला सांगितलं होतं तेच सांगितलं. डोकं, चमकी. आणि आता छातीच्या खाली, बरगडीपाशी दुखतंय.

सुमनला त्यात काही मोठं ज्ञान झालं असं नाही. तिने विचारलं आणि ऐकलं, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिला आठवत होतं, कारण ते सांगितलं जात असताना ती तिथे होती. तिने डबा टेबलावर ठेवला. मला म्हणाली, धोटेंना गाडी काढायला सांगा. मी फोन पुढे केला, रेघ दाखवायला. तिने फोनकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही.

धोटे आमचे शेजारी, कोराडीतलेच माझे जुने सोबती. ते पायजम्यावरच आले. दवाखान्यात रक्तदाबाचा पट्टा प्राचीच्या दंडाला बांधला, आणि बांधणारी मुलगी पारा पाहून धावतच आत गेली. स्ट्रेचर आलं. दाराशी पोचेपर्यंत प्राचीला झटका आला. तिचं अंग ताठ झालं, डोळे वर गेले, आणि मग तिला आत नेलं. ऑपरेशन केलं. मुलगी झाली. इतकी लहान की काचेच्या पेटीत ठेवावी लागली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, वेळेवर आणलंत.

आम्ही बाकावर बसलो होतो. सुमनच्या केसांत खाप्याहून माळून आलेला गजरा होता. निखिलचा फोन आला. तो पुण्याहून निघाला होता. सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "बाबा, घड्याळात काही दिसलं होतं का?"

पहिलं बाळंतपण माहेरी असतं तेव्हा मुलीचा बाप सासरच्यांना जबाबदार असतो. कोणी तसं लिहून घेत नाही, पण असतो. ठेव म्हणून दिलेली वस्तू जशी परत करायची असते, तसं काहीतरी. तो प्रश्न ऐकला आणि मला वाटलं की आता मला जाब विचारला जातोय. बिचारा तसं काही विचारत नव्हता. मी म्हटलं, "हो. जरा वेगळं वाटलं होतं."

इतकंच. मी आणखी काही रचलं नाही. बाकीचं लोकांनी रचलं.

सुमनने ते ऐकलं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि गजरा काढून पिशवीत ठेवला.

बाळाच्या, म्हणजे रेवाच्या बारशाला निखिलच्या वडिलांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं, खांद्यावर शाल घातली, आणि भाषणच केलं. वीज केंद्रात ज्यांनी जन्मभर शहर सांभाळलं त्यांनी आमची सून आणि नात सांभाळली, असं. बायका डोळे पुसत होत्या. मी हात जोडून उभा होतो. पाहुणे गेल्यावर सुमनने शालीची घडी घातली, बोटांनी कापड चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "चांगली जाड आहे जी. तोंडावरून घेता येते."

मी शाल कपाटात ठेवून दिली. ती पुन्हा त्या विषयावर आली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात माणसं अशा गोष्टींवर फडकं टाकायला शिकतात.

मग ती कथा एकटीच हिंडू लागली. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या घोळक्यात धोटे नव्या माणसाची माझ्याशी ओळख करून देताना म्हणायचे, "ह्याईनं घडी पाहून पोरगी वाचवली." एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मले बी सांग गा, कोणती घडी घ्याची. माह्या छातीत सकाळी कसंतरी होते." मी म्हटलं, आधी डॉक्टरकडे जा. ते म्हणाले, डॉक्टर पैसे घेते, घडी एकदाच घेते. मोठ्याने हसले. मीही हसलो. गाडी त्यांनी चालवली होती, पण वाट कोणी दाखवली हे त्यांच्याही लक्षात नव्हतं.

आणि प्राची? तिला तो दिवस आठवत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, झटक्याच्या आगेमागे असं होतं. आदल्या दिवशी तिने सुमनच्या साडीला फॉल लावून दिला होता, तिथपर्यंत तिला आठवायचं. नंतर एकदम दवाखान्याचं छत. मधली दुपार तिच्याकडे नव्हतीच. ती दुपार माझ्याकडे होती, आणि मी तिला दुसरीच काढून दिली.

यंदा शिमग्याच्या सुमारास तिचा फोन आला. पुन्हा दिवस गेलेत. पुण्याचे डॉक्टर जपून आहेत. मागच्या वेळेचा इतिहास पाहून त्यांनी रोज एक बारीक गोळी सुरू केली आहे, घरी रक्तदाब मोजायचं यंत्र घ्यायला लावलंय, आणि शेवटचे महिने त्यांच्या जवळपासच राहावं असा त्यांचा आग्रह आहे. रीतही तीच सांगते, दुसरं बाळंतपण सासरी. पण प्राची म्हणाली की ती उन्हाळ्यात बेसालाच येणार. "तुम्ही आहात ना, बाबा," म्हणाली. "मला माझं काही कळत नाही. मागच्या वेळी तरी कुठे कळलं? तुम्ही नसता तर..." आणि त्याच संध्याकाळी तिच्या नव्या घड्याळाची रेघ माझ्या फोनवर हजर झाली.

मी ती काही दिवस पाहिली. चढू लागली होती, या महिन्यांत चढते तशी. पहाटेची दरी तीच, जेवणानंतरची टेकडी तीच. रेवाला शाळेत सोडून येण्याचा एक नवा चढ सकाळी दिसायचा. सुंदर रेघ होती. पण आता मला स्पष्ट दिसत होतं की काय होणार. मुलगी आपल्या डॉक्टरांना सोडून इकडे येईल. आणि तिला काही वाटलं, काही दुखलं, तरी ती आधी माझ्या तोंडाकडे पाहील. मी बोललेल्या चार शब्दांच्या खोट्यावर ती आता आपला जीव सोपवणार होती.

दोष घड्याळाचा नव्हता, हेही इथे नमूद करायला हवं. त्याला नाडी मोजायला सांगितलं होतं, ती त्याने त्या दुपारीही बिनचूक मोजली. रक्तदाब मोजतो असं ते कधी म्हणालं नव्हतं. घड्याळाचं काम कुठे संपतं हे डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

मी सुमनशी बोललो. ती पोळ्या लाटत होती. म्हटलं, हिला येऊ देऊ नये. ती म्हणाली, "मंग सांगा तिले." मी विचारलं, इतकी वर्षं तू काहून नाही सांगितलं. तिने पोळी तव्यावर टाकली. ती फुगेपर्यंत थांबली.

"मी कायले सांगू? तिनं मले विचारलं असतं, बाबा खोटं बोलले का म्हणून. मले हो म्हणा लागलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्राचीला फोन केला. ती नुकतीच रेवाला सोडून आली असणार, हे मला रेघेवरून ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचीही लाज वाटली. मी प्रस्तावना केली नाही. सगळं क्रमाने सांगितलं. आई खाप्याला गेली होती. तू मला हाक मारलीस. मी काय पाहिलं, काय केलं, तू काय विचारलंस, मी काय म्हटलं. आई आली, आईने नेलं. निखिलला मी काय सांगितलं.

मग तिने विचारलं, "मी काय म्हणाले होते? माझे शब्द सांगा."

मी सांगितलं. "तू म्हणालीस, बाबा, डोळ्यापुढं कोणी चमकी उधळून राहिलं असं वाटते."

"चमकी," ती म्हणाली. रागाची वाट पाहत मी उभाच होतो.

"म्हणजे मले कळलं होतं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत फिरले, की मी ठोंब्यासारखी पडून होते, मला काहीच कळलं नाही. रात्री उठून रेवाच्या नाकाशी बोट धरून बघते मी, बाबा, अजून. का, तर मला काही कळत नाही म्हणून. आणि मला कळलं होतं. मी सांगितलं पण होतं."

मग तिने फोन ठेवला.

मी समजत होतो की मी सुमनचं श्रेय घेतलं. श्रेय परत केलं की हिशेब मिटेल असं मला वाटत होतं. प्राचीचं काही घेतलं होतं हे मला त्या सकाळपर्यंत माहीतच नव्हतं. त्या दुपारी तिच्या शरीराने हाक मारली होती आणि तिने ती नीट ओळखली होती, अचूक शब्दांत मला पोचवली होती. शालीच्या घडीत मी तेही गुंडाळून ठेवलं होतं.

संध्याकाळी पाहिलं तर माझ्या फोनवरून तिची रेघ गेली होती. तिने बंद केली असणार. ते योग्यच झालं. तरी दोन-तीन दिवस सवयीने हात फोनकडे जायचा आणि तिथे कोरी पाटी असायची.

नंतर तिचे फोन आले ते सुमनला. ती पुण्यालाच राहणार असं ठरलं. सुमन शेवटच्या महिन्यांत तिकडे जाईल. मी जावं का, हा विषय कोणी काढला नाही आणि मीही काढला नाही. निखिलला मी स्वतः फोन करून सांगितलं. तो सज्जन आहे. म्हणाला, बाबा, होतं असं. होतं असं म्हणण्यासारखं ते नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. धोटेंना फिरताना सांगितलं, तर ते म्हणाले, तू उगाच नम्रपणा करून राहिला. दोनदा सांगितलं, दोनदा तेच म्हणाले. तोंडोतोंडी पसरलेली गोष्ट तोंडाने परत घेता येत नाही असं लक्षात आलं, म्हणून हे लिहायला घेतलं. वाचणाऱ्यांत आमच्या ओळखीचे कोणी असतील, तर त्यांनी यापुढे ती गोष्ट अशी सांगावी: मुलीला कळलं, तिने बापाला सांगितलं, बापाने ऐकलं नाही, आईने ऐकलं.

लिहिणं इथेच थांबवणार होतो. पण परवा दुपारी फोन वाजला, माझा. सुमन कैऱ्या आणायला बाजारात गेली होती. प्राचीने विचारलं, आई कुठे. मी सांगितलं. मला वाटलं, बरं म्हणून ठेवेल. तिने ठेवला नाही.

"आज बरं नाही वाटून राहिलं," ती म्हणाली.

माझा हात सवयीने फोनकडे गेला असता, पण फोन कानाशी होता. बघायला काही नव्हतं. मी खुर्चीवर बसलो आणि विचारलं, काय होतंय, सांग.

तिने सांगितलं. झोप झाली नव्हती. पाठ एका बाजूने धरली होती. डोकं नाही, डोळ्यांपुढे काही नाही, रक्तदाब आत्ताच मोजला, ठीक आहे, तरी संध्याकाळी दाखवून येणार आहे. रेवा शाळेत कोणाला तरी चावली. निखिल चिडचिड करतो. बाळ डाव्या बाजूला लाथा मारतं, नेमकं जेवायला बसल्यावर. बाहेर ऊन रणरणत होतं. ती बोलत होती आणि मी एकही शब्द मध्ये घातला नाही. बोलता बोलता ती थांबली, बहुधा मी काही म्हणेन म्हणून.

"आणखी?" मी विचारलं.